जर्मनीत शिकताना पैशांचं गणित : वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या हिवाळी सत्रासाठी जर्मनीला निघालेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या आईवडिलांची पत्रं बरीच आली आहेत. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. त्यामुळे खर्चाचा मोठा भाग राहण्या-खाण्याचा, आणि तो पैसा वेळेवर, पुरेसा आणि योग्य वाटेने पोहोचवणं हीच खरी अडचण. या अंकात निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलाला आखेनला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरायचे आहेत. त्यासाठी ठेव मोडली. बँकेत गेलो तर ए-२ फॉर्म, पॅन, टीसीएस असं बरंच काही सांगितलं. नेमके किती रुपये लागतील आणि काय सांभाळायचं?
– एक आई, नाशिक

उत्तर : ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे तुमचाच पैसा, पण कुलपात ठेवलेला. महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने बारा महिन्यांचे ११,९०४. मुलगा तिथे पोहोचून खातं चालू करून घेईल, तेव्हापासून दरमहा ९९२ युरो त्याच्या तिथल्या नेहमीच्या खात्यात येतील. जास्तीचे मागितले तरी मिळत नाहीत.

हिशेबाच्या सोयीसाठी युरो १०० रुपयांना धरू. म्हणजे ११ लाख ९० हजार ४०० रुपये. यावर परकीय चलन बदलल्याचा जीएसटी लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. त्यातल्या एका छोट्या ठरावीक भागावर १८ टक्के, म्हणजे या रकमेला साधारण १,०२५ रुपये. वर बँकेचा पाठवणावळीचा आकार. हे किरकोळ आहे. खरा फरक पडतो तो दरात. फलकावरचा दर पाहून होकार देऊ नका. ‘आजचा टीटी सेलिंग रेट (परदेशी पैसे पाठवताना बँक युरो विकते तो दर) काय, आणि एवढ्या रकमेला त्यात किती कमी कराल?’ असं शाखेत सरळ विचारा, आणि दुसऱ्या बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या चलन विक्रेत्याकडेही विचारा. युरोमागे एक रुपया सुटला तर जवळपास बारा हजार वाचतात. एवढ्या पैशांत मुलाचं थंडीचं जॅकेट आणि बूट होतात.

आता टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक तुमच्याकडून आधीच कापून घेते तो आयकर. १ एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेल्या १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. त्यापुढच्या रकमेवर, शिक्षणासाठी स्वतःचे पैसे पाठवले तर २०२५-२६ या वर्षाचा दर ५ टक्के होता. हा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, म्हणून पाठवायच्या दिवशीचा दर बँकेकडून घ्या. वरच्या उदाहरणात त्या दराने १,९०,४०० रुपयांवर ५ टक्के, म्हणजे ९,५२० रुपये कापले गेले असते. मर्यादा माणशी असते. वडिलांनी सात हजार युरो आणि तुम्ही उरलेले स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पॅनवर पाठवले, तर दोघंही १० लाखांच्या आत राहता. मात्र दोन हप्त्यांत, दोन नावांनी आलेले पैसे चालतील का, हे ब्लॉक्ड अकाउंटवाल्या कंपनीला आधी ईमेलने विचारून लेखी घ्या. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून थेट पाठवलेल्या रकमेवर टीसीएस लागत नाही. आणि कापला गेलाच तरी तो पैसा बुडाला असं नाही. ज्याच्या पॅनवर कापला, त्याच्या फॉर्म २६एएसमध्ये (कापलेल्या करांची आयकर खात्याकडची नोंद) तो दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. म्हणूनच विवरणपत्र न भरणाऱ्या मुलाच्या पॅनवर कापला जाऊ देऊ नका, उगाच वर्षभर अडकतो.

ए-२ फॉर्म म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेतला अर्ज. त्यात पर्पज कोडची, म्हणजे पैसे कशासाठी पाठवता ते सांगणाऱ्या क्रमांकाची, चौकट असते. शिक्षणासाठी एस०३०५. घाईत क्लार्क कधी एस१३०१, म्हणजे कुटुंबाचा चरितार्थ, असा कोड टाकतो. वरवर चूक लहान दिसते, पण त्या कोडवर १० लाखांपुढे टीसीएसचा दर २० टक्के आहे. सही करण्यापूर्वी ही एक चौकट स्वतः वाचा. सोबत प्रवेशपत्र, मुलाच्या पासपोर्टची प्रत आणि ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र लागतं.

सर्वांत जास्त घोटाळा कुठे होतो? पैसे थोडे कमी पोहोचण्यात. वाटेतली मध्यस्थ बँक पंधरा-वीस युरो कापून घेते, खात्यात ११,९०४ ऐवजी ११,८८५ जमा होतात आणि कंपनी पुष्टिपत्र देत नाही. व्हिसाची तारीख तोंडावर असते, आणि एकोणीस युरोंसाठी पुन्हा सगळे फॉर्म, पुन्हा आकार, पुन्हा चार दिवस. उपाय साधा आहे. फॉर्मवर आकाराच्या रकान्यात ‘ओयूआर’ निवडा, म्हणजे सगळे आकार पाठवणारा सोसतो. शिवाय ११,९०४ ऐवजी १२,००० पाठवा. जास्तीची रक्कम मुलाच्याच खात्यात राहते. पत्रातला संदर्भ क्रमांक जसाच्या तसा लिहिला का ते पाहा. तो चुकला तर पैसे जर्मनीत पोहोचूनही कोणाचे म्हणून ओळखले जात नाहीत. आयबॅन, म्हणजे तिथला बँक खाते क्रमांक, हा ‘डीई’ आणि पुढे वीस आकडे असा बावीस अक्षरांचा असतो. मोजून घ्या. आणि शुक्रवारी दुपारनंतर पाठवू नका.

प्रश्न : मी सप्टेंबरअखेर जातोय. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला पैसे मिळणारच आहेत, मग वेगळे किती न्यावेत? मित्र म्हणतो दोनशे युरो पुरे.
– विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : दोनशेत पहिला आठवडा कसाबसा निघेल. मित्र जी गोष्ट विसरतोय ती म्हणजे मधले चार ते सहा आठवडे.

ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता विमानातून उतरल्यावर लगेच येत नाही. आधी राहायला जागा हवी. घरमालकाने ‘हा इथे राहतो’ असं सही केलेलं पत्र, म्हणजे वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, द्यायला हवं. ते घेऊन नगर कार्यालयात पत्त्याची नोंद, आनमेल्डुंग. कायद्याने ती दोन आठवड्यांत करायची असते, पण मोठ्या शहरांत वेळच त्यानंतरची मिळते. तोवर तिथलं चालू खातं, गिरोकोंटो, अनेक बँका उघडत नाहीत. कार्ड आणि पिन वेगवेगळ्या टपालाने येतात, आणि दारावरच्या पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर टपाल परत जातं. ही बारीक गोष्ट मुलांना फार छळते. खोली ताब्यात घेतल्याच्या दिवशीच पेटीवर नावाची चिठ्ठी लावा. हे सगळं झाल्यावर ब्लॉक्ड अकाउंट चालू होतं आणि मग पहिले ९९२ युरो येतात.

या काळातला खर्च मात्र नेहमीपेक्षा मोठा. समजा खोलीचं भाडं हीटिंग वगळून ३५० युरो आहे. डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं, म्हणून १,०५० युरो. घर भाड्याने घेतलं असेल तर ते तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला आहे, तो जरूर मागा. शिवाय पहिल्या महिन्याचं भाडं, विद्यापीठाचं सत्रशुल्क, आरोग्य विम्याचे महिन्याला १४० युरोंच्या पुढे, गादी-भांडी, आणि बाहेरचं खाणं. ब्लॉक्ड अकाउंट सोडून १,८०० ते २,२०० युरो हाताशी हवेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

ते सगळे नोटांत नेऊ नका. नियमाप्रमाणे एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत परकीय नोटा नेता येतात, पण तेवढ्या खिशात घेऊन फिरण्यात शहाणपण नाही. चारशे युरो रोख, तेही २० आणि ५० च्या नोटांत. २०० ची नोट बेकरीत कोणी घेत नाही. बाकीचे युरो भरलेल्या फॉरेक्स कार्डावर ठेवा, आणि तुमचं भारतातलं एक आंतरराष्ट्रीय कार्ड राखीव. फॉरेक्स कार्ड घेताना त्यात युरोच भरा. डॉलर भरलेलं कार्ड जर्मनीत वापरलं की पुन्हा एकदा चलन बदलाचा आकार बसतो.

प्रश्न : दुकानात कार्ड लावलं की मशीन ‘ईयूआर की आयएनआर’ असं विचारतं. रुपयांत रक्कम दिसली की बरं वाटतं. काय निवडावं?
– विद्यार्थिनी, सोलापूर (सध्या ड्रेस्डेन)

उत्तर : नेहमी युरो. रुपयांत दिसलेला आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यातला दर दुकानदाराच्या बाजूच्या कंपनीने ठरवलेला असतो आणि तिचा नफा त्यात आधीच धरलेला असतो.

युरो १०० रुपयांना आहे असं पुन्हा धरू आणि १०० युरोंचे बूट घेऊ. मशीन रुपयांत १०,७०० दाखवतं. तुम्ही युरो दाबलंत तर तुमची बँक १०,००० रुपये, त्यावर बहुतेक कार्डांवर लागणारा ३.५ टक्के आकार म्हणजे ३५०, आणि त्या ३५० वर १८ टक्के जीएसटी ६३, असे १०,४१३ घेईल. २८७ रुपयांचा फरक एका बटनाचा. शिवाय काही भारतीय बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही वेगळा आकार लावतात, तो आणखी वर.

एटीएमवर हा प्रश्न अधिक आडवळणाने येतो. स्टेशनवर, पर्यटकांच्या चौकात उभ्या असलेल्या बँकेविना मशिनांवर मोठ्या हिरव्या बटनावर ‘रूपांतर स्वीकारा’ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रूपांतराशिवाय पुढे जा’ असं असतं. बारीक अक्षरांचं बटन तुमचं. ते दाबल्यावर व्यवहार रद्द होत नाही, पैसे मिळतातच. भारतीय क्रेडिट कार्डावर रोख मात्र काढूच नका, व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

गिरोकोंटो चालू झाल्यावर रोजचा खर्च तिथल्याच कार्डाने करा. तिथल्या गिरोकार्डाला, म्हणजे जर्मन बँकांच्या डेबिट कार्डाला, देशभर मान आहे, काही लहान दुकानांत व्हिसा-मास्टरकार्ड चालत नाही पण गिरोकार्ड चालतं. काही ऑनलाइन बँका फक्त व्हिसा डेबिट देतात. गिरोकार्ड हवं तर खातं उघडतानाच विचारा. काउंटरवर ‘नुर बार’ अशी चिठ्ठी दिसली तर फक्त रोख. रुपे कार्ड परदेशात डिस्कव्हर आणि डायनर्सच्या जाळ्यावर चालतं, त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

प्रश्न : मुलगी वर्षभर बर्लिनला आहे. तिचा इथला मोबाइल नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडला. आता तिच्या बँकेचा ओटीपी येत नाही. तिचं एटीएम कार्ड माझ्याजवळ आहे, मीच व्यवहार करतो. पुढे काही अडचण येईल का?
– निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

उत्तर : अडचणी दोन आहेत, आणि नंबराची त्यातली लहान आहे.

नव्वद दिवस वापर नसलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते आणि कालांतराने तो दुसऱ्या माणसाला दिला जातो. मग मुलीच्या खात्याचे ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जाणार. म्हणून आधी मोबाइल कंपनीकडे तोच नंबर परत मिळतो का पाहा. मिळत नसेल तर बँकेतून तो ताबडतोब काढून टाका. अनेक बँका अनिवासी खात्याला परदेशी नंबर जोडून देतात आणि ईमेलवरही ओटीपी पाठवतात. जे अजून निघायचे आहेत त्यांनी विमानतळावर जाण्याआधी रोमिंग सुरू करून एक ओटीपी मागवून पाहावा, स्वस्तातलं दीर्घ मुदतीचं रिचार्ज करावं, आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा ‘आंतरराष्ट्रीय वापर’ चालू करावा. कार्ड हाती येतं तेव्हा ते फक्त भारतात चालेल असंच असतं, रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे.

मोठी गोष्ट खात्याची. शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या, दृष्टीने अनिवासी ठरतो. रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच तसं स्पष्ट केलं आहे. म्हणजे मुलीचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं भारतातलं रुपयांचं खातं, करून घ्यायला हवं. पासपोर्ट, व्हिसा किंवा तिथल्या रहिवास परवान्याची प्रत, परदेशी पत्त्याचा पुरावा, पॅन आणि करविषयक स्वयंघोषणा ही कागदपत्रं लागतात. प्रती कशा साक्षांकित करायच्या ते शाखेकडून लिहून घ्या, नाहीतर कुरिअर दोनदा होतं. एनआरओच्या व्याजावर ३० टक्क्यांहून थोडा जास्त टीडीएस कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो.

आणि गुरुजी, मुलीचं कार्ड व पिन वापरणं थांबवा. तुमचा हेतू स्वच्छ आहे, पण एखादा फसवणुकीचा व्यवहार झालाच तर ‘पिन दुसऱ्याला दिला होता’ एवढ्या कारणावरून बँक हात वर करू शकते. एनआरओ खात्यावर तुम्हाला लेखी अधिकारपत्र, मँडेट, देता येतं. त्यावर तुमच्या नावाने स्थानिक व्यवहार रीतसर होतात. जवळच्या निवासी नातेवाइकाचं नाव ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ (खातं मुलगीच चालवणार, दुसऱ्याचा हक्क तिच्यानंतर) या अटीवर जोडताही येतं. मुलगी तिथे कमावू लागून इकडे पैसे पाठवेल तेव्हा ते एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीच्या अनिवासी खात्यात, घ्या.

प्रश्न : इथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज संदेश येतात : ‘५०० युरो हवेत, रुपये तुमच्या घरी लगेच जमा करतो.’ दर बँकेपेक्षा चांगला असतो. सगळेच करतात. चालेल ना?
– विद्यार्थी, ठाणे (सध्या श्टुटगार्ट)

उत्तर : नाही. सगळे करतात म्हणून ते कायदेशीर होत नाही.

परकीय चलनाची देवाणघेवाण फक्त रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या व्यक्ती किंवा संस्थेमार्फतच करायची, असं फेमा सांगतो. भारतातल्या माणसाने परदेशातल्या माणसाच्या सांगण्यावरून रुपये स्वीकारणं हे थेट त्यात बसतं. अशा व्यवहारात तुम्ही तिथे युरो देता आणि ठाण्याला तुमच्या वडिलांच्या खात्यात कोणीतरी अनोळखी रुपये भरतो. उल्लंघन तिथेच, वडिलांच्या खात्यात होतं. दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो.

व्यवहारात मात्र दंडाच्या आधी वेगळंच घडतं. तो अनोळखी पैसा अनेकदा कोणाच्यातरी सायबर फसवणुकीचा असतो. ज्याची फसवणूक झाली तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशाचा माग काढत पोलीस पुढच्या खात्यांपर्यंत येतात आणि तुमच्या वडिलांचं खातं गोठतं. त्यातच पेन्शन, त्यातच कर्जाचा हप्ता. तक्रार कदाचित दुसऱ्याच राज्यात नोंदलेली, आणि खातं मोकळं करायला तिथल्या पोलीस ठाण्यापर्यंत पाठपुरावा करावा लागतो. युरोमागे दोन रुपये वाचवण्यासाठी म्हाताऱ्या माणसाला या चक्रात टाकू नका.

याचंच जर्मन भावंड म्हणजे ‘घरबसल्या नोकरी’. तुमच्या खात्यात २,००० युरो येतील, १०० ठेवा, बाकीचे सांगितलेल्या आयबॅनवर पाठवा. जर्मनीत याला फिनान्सएजंट म्हणतात आणि तो पैसे धुण्याचा गुन्हा आहे, दंडसंहितेचं कलम २६१. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होईलच असं नाही, कारण अक्षम्य निष्काळजीपणाही त्यात धरला जातो. बँक खातं बंद करते, आणि ते बंद झालं की ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ता यायला जागा उरत नाही. रहिवास परवान्याच्या नूतनीकरणातही प्रश्न येतात. यात अडकला असाल तर आलेले पैसे कुठेही न पाठवता, त्याच दिवशी बँकेला कळवा आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी सेवा केंद्रातून कायदेशीर सल्ला घ्या.

प्रश्न : गिरोकार्ड हरवलं तर?
– विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : कार्ड बंद करण्यासाठीचा ११६ ११६ हा नंबर आत्ताच फोनमध्ये जतन करा. चोवीस तास चालतो, जर्मनीबाहेरून +४९ लावून. आयबॅन सांगता आला पाहिजे, म्हणून तो कार्डापासून वेगळा लिहून ठेवा. नंतर पोलिसांत जाऊन कार्ड हरवल्याची नोंद ‘कुनो’ यंत्रणेत करायला सांगा. ही पायरी बहुतेकांना माहीत नसते. गिरोकार्डावर पिन न विचारता नुसत्या सहीने खरेदी होऊ शकते, आणि फक्त बँकेतलं कुलूप त्याला अडवत नाही. कुनोतली नोंद दुकानांपर्यंत पोहोचते.

प्रश्न : घरी १८ युरो ३६ सेंट महिन्याला भरा असं पत्र आलंय. टीव्ही नाही, रेडिओ नाही. फसवणूक आहे का? आणि जिमने परवानगी नसताना खात्यातून पैसे काढले, ते परत मिळतील का?
– विद्यार्थी, पणजी (सध्या लाइपझिग)

उत्तर : पत्र खरं आहे. सार्वजनिक प्रसारणासाठीचं हे शुल्क घरटी असतं, टीव्ही असो वा नसो. चौघं एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर एकाने भरायचं आणि वाटून घ्यायचं, बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर थकबाकी राहायला आलेल्या तारखेपासून मोजली जाते. पण असं पत्र ईमेलने आलं, किंवा त्यातला आयबॅन ‘डीई’ने सुरू होत नसेल, तर थांबा.

जिमचे पैसे लास्टश्रिफ्टने, म्हणजे खात्यातून परस्पर वळते करण्याच्या पद्धतीने गेले असणार. बँकेच्या ॲपमध्ये त्या नोंदीवर परतावा मागण्याची सोय असते. तुम्ही परवानगी दिली असली तरी आठ आठवड्यांच्या आत, कारण न देता रक्कम परत घेता येते. परवानगीच नव्हती तर मुदत तेरा महिने. मात्र करार खरोखर केला असेल तर नुसते पैसे परत घेऊन भागत नाही, जिम वसुली संस्थेकडे जाईल आणि तिचा खर्चही तुमच्यावर चढेल. आधी लेखी रद्दपत्र पाठवा, पोच ठेवा, मग परतावा मागा.